साहेब, टर्बो गेलाय

गाडी चढाला दमायला लागते, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, आपण गॅरेजात जातो. तिथला मुलगा स्टीअरिंगखालच्या खाचेत स्कॅनर खुपसतो, स्क्रीनवर पी०२९९ असं काहीतरी उमटतं आणि पुढच्या मिनिटाला निकाल लागतो, "साहेब, टर्बो गेलाय." त्यानंतर जो आकडा सांगितला जातो तो ऐकून आपलाही टर्बो जातो :)

माझा ह्या निकालावर आक्षेप आहे. आकड्यावर नंतर बोलू, आधी निकालावर.

पी०२९९ चा अर्थ "टर्बो खराब आहे" असा मुळीच नाही. इंजिनच्या कॉम्प्युटरने, म्हणजे ईसीयूने, जितका हवेचा दाब मागितला तितका त्याला मिळाला नाही, एवढाच त्याचा अर्थ. का मिळाला नाही, हे त्या बिचाऱ्याला माहीत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर हा फेल झालेला असर्ट आहे. अपेक्षित अमुक, प्रत्यक्षात तमुक, पुढचं तुम्ही बघा. "पेमेंटचं पान स्लो आहे" असं टिकीट आलं म्हणून कोणी सरळ डेटाबेस सर्व्हर फेकून नवीन आणतं का? (आणतात, पण ते मॅनेजर असतात.) मग हीच गोष्ट गाडीच्या बाबतीत आपण मुकाट्याने का ऐकून घेतो?

टर्बो म्हणजे काय ते बहुतेकांना माहीत असेलच. तरी दोन ओळीत सांगतो. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एका चक्राला फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखीने १९०५ साली ह्याचं पेटंट घेतलं, म्हणजे कल्पना सव्वाशे वर्षांकडे चाललीय. लहान गाडीतलं हे चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं, कधी दोन लाखांच्याही पुढे जातं. आता एवढ्या वेगाने फिरणाऱ्या चक्राला लगाम पाहिजे, नाहीतर ते स्वतःचंही वाटोळं करेल आणि इंजिनचंही. हा लगाम म्हणजे बूस्ट कंट्रोल. आणि माझं म्हणणं असं, की बऱ्याचदा बिघाड ह्या लगामात असतो आणि बदलला जातो घोडा.

लगामाचे प्रकार आहेत, आणि खरी गंमत तिथेच आहे.

पहिला प्रकार साध्या वेस्टगेटचा. टर्बोच्या शेजारी एक झडप असते, तिच्यामागे स्प्रिंग आणि पडद्याचा डबा. टर्बोने तयार केलेला दाबच एका बारीक नळीतून त्या डब्यात जातो, झडप उघडते, आणि जास्तीचा धूर चक्राला न फिरवता परस्पर निघून जातो. दुसरा प्रकार व्हीजीटीचा, बहुतेक ताकदवान डिझेलमध्ये असतो तो. ह्यात चक्राभोवती हलणारी पाती असतात. पाती मिटली की धूर जोरात आदळतो, उघडली की सैल पडतो. बऱ्याच गाड्यांत ही पाती व्हॅक्यूमवर ओढली जातात. इंजिनवरच्या पंपातून व्हॅक्यूम येतो, मध्ये एक सोलेनॉइड असतो, आणि किती व्हॅक्यूम पुढे सोडायचा ते ईसीयू ठरवतो.

आता सांगा, बारीक नळी फाटली तर काय होईल?

पहिल्या प्रकारात डब्याला दाबच पोचणार नाही, झडप उघडणार नाही, बूस्ट हाताबाहेर जाईल आणि कोड येईल तो ओव्हरबूस्टचा, पी०२३४. दुसऱ्या प्रकारात पाती मिटणार नाहीत, बूस्ट तयारच होणार नाही, आणि कोड येईल पी०२९९. म्हणजे तीच नळी, तसंच भोक, आणि लक्षणं बरोबर उलटी! ज्याला आपल्या गाडीत कुठला लगाम आहे हे माहीत नाही त्याने कोड वाचणं म्हणजे पेशंटचं नाव न बघता रिपोर्ट वाचण्यासारखं आहे.

हे काही फार लांबचं उदाहरण नाही. आपल्याकडे रांजणगावला बनलेलं फियाटचं १.३ मल्टिजेट घ्या. १२४८ सीसीचं हे डिझेल इंजिन एके काळी अर्ध्या गल्लीत असायचं. लिनिया, पुंटो, व्हिस्टा, मांझा, आणि मारुतीने मानेसरला स्वतः बनवलेलं स्विफ्टमधलं. गंमतीने लोक त्याला देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि ते संपलं, पण रस्त्यावर अजून ढिगाने आहे. ह्याच इंजिनाच्या ७५ पीएस अवतारात साधा टर्बो आणि ९० पीएस अवतारात व्हीजीटी. बॉनेट उघडलं तर दोन्ही भाऊ सारखेच दिसतात, निदान मात्र वेगळं करावं लागतं. आणि चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआय पेट्रोलमध्ये तर वेस्टगेटला इलेक्ट्रिक मोटरच आहे, तिथे व्हॅक्यूमची नळी शोधत बसलात तर दिवस जाईल.

असो. मुद्दा निदानाचा.

पुण्यात राहणाऱ्यांसाठी एक फुकटातली तपासणी सांगतो. इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवा आणि स्कॅनरवर मॅनिफोल्डचा दाब वाचा. इंजिन बंद आहे, म्हणजे आतला दाब आणि बाहेरचा दाब एकच असायला हवा. पुस्तकात बाहेरचा दाब १०१ किलोपास्कल दिलेला असतो, पण ते पुस्तक समुद्रकाठी लिहिलेलं आहे. पुणं ५६० मीटरवर आहे. इथे ९४-९५ दिसला पाहिजे. (महाबळेश्वरला गेलात तर ८६-८७ दिसेल. ट्रिपला गेल्यावर स्ट्रॉबेरी खाता खाता बघा.) पुण्यात उभ्या गाडीवर १०४ किंवा ८० दिसत असेल तर टर्बोचा विचार सोडा, आधी सेन्सर बघा. बूस्ट मोजणाराच खोटं बोलत असेल तर ईसीयू तरी काय करणार? आणि दुसरं म्हणजे, स्कॅनर सांगतो तो एकूण दाब, बाहेरचा धरून. १८० दिसला तर टर्बोने त्यातले जेमतेम ८५ दिलेत. हा हिशोब न करता "१८० म्हणजे मस्त आहे की" म्हणणारे महाभाग मी पाहिलेत.

पुढची पायरी म्हणजे गाडी चालवून नोंद घेणं. उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबून काही कळत नाही, कारण इंजिनवर लोडच नसतो. चढ लागतो, आणि तो पुण्यात मुबलक आहे. शेजारच्या सीटवर लॅपटॉप घेऊन दुसरा माणूस पाहिजे (चालवणाऱ्याने स्क्रीन बघू नये, हे सांगायला लागू नये, पण सांगतो). बघायचे आकडे चारच. ईसीयूने मागितलेला दाब, मिळालेला दाब, ॲक्च्युएटरला दिलेला हुकूम किती टक्के, आणि एअर फिल्टरपाशी मोजलेली आत येणारी हवा.

मागणीच कमी असेल तर टर्बोचा दोष नाही, ईसीयूने दुसऱ्याच कुठल्या कारणाने हात आखडता घेतलाय. मागणी भरपूर, हुकूम शंभर टक्क्यांकडे, आणि दाब मात्र खाली, असं असेल तर ईसीयू जिवाच्या आकांताने ओढतोय आणि पुढे कोणी ऐकत नाहीये. अशा वेळी चौथा आकडा बघायचा. आत येणारी हवा भरपूर आणि दाब कमी, म्हणजे हवा दाबली गेली पण वाटेत निसटली. इंटरकूलरचा पाईप फाटलाय किंवा क्लिप ढिली आहे. चढावर "सूंsss" असा आवाज आणि सांध्याजवळ तेलकट डाग हे त्याचे पुरावे. हवाही कमी आणि दाबही कमी, तर टर्बो फिरवलाच जात नाहीये, किंवा फिल्टर तुंबलाय, किंवा ईजीआर उघडा अडकलाय. आणि दाब आधी येतच नाही, मग एकदम उसळतो, मग पडतो, असा झोके घेत असेल तर पाती काजळीने चिकटताहेत. रोज वाकड ते हिंजवडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या डिझेलचं हे हमखास दुखणं. पाती पूर्ण हलतच नाहीत, काजळी धरणारच.

ह्या सगळ्या यादीत खुद्द टर्बो अगदी शेवटी येतो. तोही बघता येतो. पाईप काढून दांडा हाताने हलवायचा. थोडा आजूबाजूला हलला तर घाबरू नका, तो तेलाच्या थरावर तरंगतो म्हणून तेवढी जागा ठेवलेली असते. पुढे-मागे खेळत असेल किंवा पात्यांनी भिंत घासली असेल तर मात्र खरंच गेलाय. आणि तेव्हाही आधी तेलाची नळी बघायची. जुना टर्बो तेलावाचून मेला असेल तर नवीनही त्याच वाटेने जाईल.

हे सगळं मी पुस्तकातून सांगतोय असं वाटत असेल तर एक खरा किस्सा. ऑफिसातल्या एका मित्राची डिझेल गाडी, व्हीजीटीवाली. गाडीचं आणि वर्कशॉपचं नाव मुद्दामच सांगत नाही. खंबाटकी घाटात ट्रकला ओव्हरटेक करताना, मागे आई-वडील बसलेले, आणि गाडीने अचानक जीव सोडला. लिंप मोड. ट्रक शेजारी, मागून हॉर्न, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही काही नाही. निभावलं कसंबसं. कडेला थांबून चावी बंद-चालू केली तर गाडी परत व्यवस्थित! वर्कशॉपने कोड बघितला, अख्खा टर्बो बदलला. साठ हजारांच्या आसपास गेले. तीन आठवड्यांनी कात्रजच्या चढावर तोच दिवा, तोच कोड.

वर्कशॉपचं पुढचं मत होतं, की आता ईसीयू बदलून बघू.

"बदलून बघू" ह्या दोन शब्दांवर मला खरं तर वेगळा लेख लिहायचाय.

मग आम्ही कर्वेनगरातल्या एका छोट्या गॅरेजात गेलो. तिथले काका आमच्या बाबांच्या स्कूटरपासूनचे ओळखीचे. मी लॅपटॉप घेतला, मित्राने गाडी चालवली, दिवे घाट चढलो. मागणी २१०, मिळाले १३०, हुकूम टोकाला, आणि आत येणारी हवासुद्धा कमी. म्हणजे गळती नाही, पाती मिटत नाहीयेत. पण उतरून परत गॅरेजात येईपर्यंत गाडी गार झाली, काकांनी हातपंपाने व्हॅक्यूम दिला तर दांडी मस्त हलली, काटा जागचा हलला नाही. सगळं ठीक! मित्र वैतागून म्हणाला, "काका, मग काय भूत आहे का हे?"

काका म्हणाले, "थांब की जरा. गार गाडी खोटं बोलते. परत एक चक्कर मार, चांगली तापव, आणि बंद न करता आण."

तापलेल्या गाडीवर पंप लावला आणि काटा हळूहळू पडायला लागला. सोलेनॉइडपासून टर्बोकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी एका जागी उष्णतेच्या पत्र्याला घासून पातळ झाली होती. गार असताना भोक मिटलेलं, तापली की उघडायचं. टर्बो बदलताना तीच जुनी नळी परत लावली होती. नाना पेठेतून आणलेली नवी नळी साठ रुपयांना पडली. त्यानंतर तोच घाट चढून बघितलं, मागणी आणि मिळकत हातात हात घालून वर गेली.

काकांचे ह्यात साडेतीन तास गेले. बिल काय म्हणून विचारलं तर म्हणाले, "नळीचे साठ. बाकी द्या काय ते."

आणि इथे माझा आकड्यावरचा आक्षेप सुरू होतो, आणि तो फक्त वर्कशॉपवर नाही, आपल्यावर आहे. आपण पार्टचे पैसे विनातक्रार देतो, लेबरचे कुरकुरत देतो, आणि विचार करण्याचे देतच नाही. "नुसतं बघायचे पैसे कसले?" हे वाक्य मी आयटीतल्या, चांगला पगार घेणाऱ्या लोकांच्या तोंडून ऐकलंय. हेच लोक दिवसभर नुसतं बघण्याचे पैसे घेतात. दोन दिवस लॉग चाळायचे, शेवटी एक ओळ बदलायची आणि टाइमशीटवर सोळा तास लावायचे. क्लायंटने "एका ओळीचे सोळा तास?" विचारलं तर आपल्याला केवढा राग येतो! पण गॅरेजवाल्याने साठ रुपयांच्या नळीवर दोन हजार निदानाचे लावले तर तो चोर. मग तो काय करणार? ज्याचे पैसे मिळतात तेच करणार, पार्ट बदलणार. साठ हजारांच्या बिलात दोष शोधण्याची एक ओळ नव्हती, आणि आम्हीही ती मागितली नव्हती.

दुसरी बाजू माहितीची. वर ते चार आकडे सांगितले ना, त्यातले मिळालेला दाब आणि आत येणारी हवा हे दोन साध्या ब्लूटूथ ॲडाप्टरवर बहुतेक दिसतात, कारण ते प्रमाणित आहेत. आपल्याकडे ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून सक्तीचं आहे. पण मागितलेला दाब आणि ॲक्च्युएटरचा हुकूम हे बऱ्याच गाड्यांत कंपनीच्या खासगी भाषेत असतात. आम्हाला ते दिसले कारण एका मित्राकडे त्या ब्रँडसाठी बनवलेलं बाहेरचं सॉफ्टवेअर होतं. काकांकडे ते नव्हतं. म्हणजे ज्याला निदान येतं त्याच्याकडे आकडे नाहीत, आणि ज्यांच्याकडे आकडे आहेत ते कोड वाचून थांबतात.

ह्यावर आपल्या देशात चांगला मोठा निकाल लागलेला आहे, फारसा कोणाच्या लक्षात नाही. २५ ऑगस्ट २०१४ ला स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड केला. टाटा, महिंद्रा, मारुती, फियाट, फोक्सवॅगन, स्कोडा, सगळे त्यात. आरोप हाच, की सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत. ती खुल्या बाजारात द्या असा आदेशही होता. मग अपिलं झाली. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने टोयोटा, फोर्ड, निसान ह्या तिघांबाबतचा निष्कर्ष कायम ठेवला, दंड मात्र कमी केला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. पोर्टलवर मॅन्युअल आणि हेल्पलाइन असणं चांगलंच आहे, पण काकांना पाहिजेत ते दोन आकडे.

कंपन्यांचं म्हणणंही अगदीच टाकाऊ नाही. आतलं सगळं उघडं केलं तर लोक बूस्ट वाढवून घेतील, धूर ओकत फिरतील, इंजिनं फोडतील आणि वॉरंटी मागायला येतील. हे होतं, मी रिमॅप केलेल्या गाड्यांमागे गुदमरत उभा राहिलोय. पण मंडळी, वाचायची परवानगी आणि लिहायची परवानगी ह्यातला फरक आपल्याला वेगळा सांगायला नको. लॉग वाचू द्या म्हटलं म्हणजे कोणी रूट पासवर्ड मागितला असं होत नाही. आणि हे ज्या शहरात सांगायला लागतंय ते पुणं आहे! वेताळ टेकडीवर १९६६ सालची एआरएआय बसलीय, हिंजवडीत केपीआयटीसारखी कंपनी जगभरच्या गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिते. ज्या कोडने तो पी०२९९ उमटवला त्याचा एखादा तुकडा लिहिणारा मुलगा कदाचित तुमच्याच बिल्डिंगमध्ये राहत असेल, आणि त्याचीच गाडी गॅरेजात "बदलून बघू"च्या रांगेत उभी असेल.

माझ्यापुरतं मी काय करतो ते सांगतो. गॅरेजात गेलो की कोड काय आला हे विचारत नाही. "कोड आल्यावर काय काय तपासलं?" असं विचारतो. ह्याला उत्तर नसेल तर गाडी परत आणतो. आणि तपासायचे पैसे वेगळे लावा, असं आधीच सांगून टाकतो. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा समोरचा माणूस आपली थट्टा चाललीय अशा नजरेने बघत होता.

काकांनी त्या दिवशी शेवटी आठशे घेतले, तेही मित्राने खिशात कोंबले म्हणून. गेल्या महिन्यात त्यांनी स्वतःचा स्कॅनर घेतलाय, बऱ्यापैकी महागातला. मला मोठ्या हौसेने दाखवला. जुन्या गाड्यांवर सगळं दिसतं त्यात. मग शेजारी उभ्या असलेल्या एका नव्या टर्बो पेट्रोलला लावून बघितला. मिळालेला दाब ९५. मागणीच्या रकान्यात नुसती आडवी रेघ.